चिंचेबरोबर मीठ नको

श्रोतेभगिनींनो, आणि स्वयंपाकघराशी केवळ भोजनापुरताच संबंध ठेवणाऱ्या श्रोतेबंधूंनो,

घोडनदीकाठचे शिरूर असो की भीमाकाठचे दौंड, विहिरीचे वा बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत स्टीलच्या तांब्याला, हंड्याला आणि चहाच्या पातेल्याला आतून जो पांढरा खरखरीत थर धरतो, तो मळ नसून पाण्यातला चुनखडीचा क्षार होय आणि तो घासून नव्हे तर आंबटाने सुटतो, हे आपण जाणताच. चिंचेचा कोळ, लिंबाची साल, आमसुलाचे पाणी, जे घरात असेल ते लावून थोडा वेळ थांबावे व भांडे धुऊन कोरडे पुसावे. माझी तक्रार चिंचेविषयी नाही. चिंचेच्या मागोमाग येणाऱ्या मिठाविषयी आहे.

तांब्यापितळेच्या अमदानीत चिंच आणि मीठ ही जोडी रास्तच होती. परंतु पितळेसाठी जारी झालेला तो हुकूम आपण विचार न करता स्टीलवरही बजावला. स्टीलमध्ये लोखंडाबरोबर क्रोमियम असते, भांड्यांच्या उत्तम प्रतीत सुमारे 18 टक्के. त्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन भांड्यावर एक अदृश्य कवच तयार होते, आणि गंज न चढण्याचे सारे श्रेय त्या कवचाचे. दुधावरची साय आठवा. साय काढून घेतली तरी तापवलेले दूध निवताना ती पुन्हा धरते. तसेच हे कवच खरवडले गेले तरी हवा लागताच पुन्हा धरते, मात्र सायीहून ते कितीतरी पटींनी पातळ. पण त्याच दुधात मिठाचा खडा पडला, तर साय कसली आणि दूध कसले! मीठ त्या कवचाला जागोजाग भेदते, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि ते कोणत्याही घासणीने भरून येत नाहीत. म्हणून पुन्हा सांगतो, चिंच खुशाल घ्या, मीठ डब्यातच राहू द्या. लोणचे बरणीतच शोभते, आणि पातेल्यातल्या थंड पाण्यात मीठ टाकून ते तळाशी बसू देऊ नये. उकळी आल्यावर घालावे.

राखेचे म्हणाल, तर चुलीतली लाकडाची राख वस्त्रगाळ करून घेण्यास हरकत नाही, तेलकटपणा ती चांगला काढते. दौंडकडील गुऱ्हाळांच्या चुलवाणातली चिपाडांची राख मात्र स्टीलला लावू नये. तिच्यात वाळूचा अंश फार, ओरखडे पडतात. विटकरीच्या पुडीविषयी तर बोलायलाच नको. एवढे करूनही आपण मिठाचीच चिमूट उचलणार, हे मला ठाऊक आहे. ती उचलू नका.

करपलेल्या दुधाच्या पातेल्याविषयी बोलावयाचे होते, पण मुदत संपत आली. त्यात पाणी आणि चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळावे. मात्र सोड्यावर लिंबू पिळू नये, कारण उसळणारा फेस पाहून मन सुखावले तरी दोघांचाही जोर एकमेकांना मारण्यातच खर्ची पडतो, आणि मग उरते ते... असो, हे प्रकरण पुढील खेपेपर्यंत तहकूब.