जुने पोस्टर आणि खरेपणा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही मोठी शिकलेली बाई नाही. सातवीपर्यंत शाळा झाली, पुढे संसार. तरी आज जरा निराळ्या विषयावर बोलणार आहे. सिनेमाची जुनी कागदी पोस्टरे दुरुस्त करताना काय करावे आणि काय करू नये, हा तो विषय. सिनेमाचे नाव ऐकून काही भगिनी हसतील. पण यात आपल्या घरच्याही चार गोष्टी आहेत.

आपल्याकडे सिनेमाच्या पोस्टराची कला वाढवली ती कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी. ते मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांच्या १९२४ सालच्या 'कल्याण खजिना' या चित्रपटाचे पोस्टर आज शिल्लक असलेल्या भारतीय पोस्टरांत सर्वांत जुने मानतात. विचार करा, पोस्टर म्हणजे भिंतीवर खळीने डकवायची वस्तू. पावसाने भिजायची, उन्हाने विटायची, वर दुसरे डकवले की संपायची. जे उरले ते कोणीतरी जपले म्हणूनच उरले. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. तेथे फिल्मांबरोबर पोस्टरेही जपून ठेवली आहेत.

आता आमच्या नात्यातली हकिगत सांगते. एका घरी आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या 'श्यामची आई'चे पोस्टर होते. घड्यांवर विरलेले, एक कोपरा गेलेला. घरच्यांनी हौसेने ते एका दुकानदाराकडे दिले. त्याने फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावली, वनमालाबाईंचा चेहरा नव्या रंगाने गिरवला, कडा सरळ दिसाव्यात म्हणून कापल्या आणि वरून गरम प्लास्टिकचे लॅमिनेशन केले. पोस्टर चकचकीत झाले खरे, पण खालच्या कडेवरचे छापखान्याचे नाव गेले आणि बाईंचा चेहराही परका झाला. चिकटपट्टीचा गोंद पुढे पिवळा पडून कागदात मुरतो. गरम प्लास्टिक तर कागद न फाटता निघत नाही.

पुढे मुलीच्या शिक्षणासाठी ते पोस्टर विकायची वेळ आली. कोणी म्हणाले, "अस्सल आहे म्हणा, गिऱ्हाइकाला काय कळते!" घरातल्या वडीलधाऱ्या आत्याबाईंनी साफ सांगितले, "चेहरा रंगवलेला आहे, कडा कापल्या आहेत, हे आधी सांगा. मग भाव करा." भाव पडला, आणि पैशाची गरज तर होतीच. तरीही त्यांनी खरे तेच सांगितले. मला वाटते, या विषयातला पहिला नियम त्या आत्याबाईंनीच घालून दिला: जे केले ते लपवू नये. नवी छापलेली प्रत असेल तर तीही नवीच म्हणून विकावी.

दुसरा नियम असा की, केलेले काम पुढे सोडवता आले पाहिजे. जाणते कारागीर विरलेल्या पोस्टराला मागून पातळ, चिवट जपानी कागद लावतात आणि तो गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने चिकटवतात. कुरडयांसाठी आपण गहू भिजवून चीक काढतो ना, त्याच जातीची ही वस्तू. पुढे कोणाला ते काम बदलायचे झाले तर ही खळ पाण्याने सुटते. मात्र भगिनींनो, कुरडयांचा चीक घेऊन घरी बसू नका! काही शाया पाण्याचा थेंब लागताच पसरतात. कारागीर आधी बारीकशा कोपऱ्यावर पारख करतो, मगच हात लावतो.

तिसरा नियम: गेले तेवढेच भरावे, आहे त्यावर रंग चढवू नये. पैठणीला रफू करताना आपण धड जरीवर सुई चालवतो का? भरलेली जागा सहा फुटांवरून खुपू नये, पण सहा इंचांवरून ओळखू यावी, असे या कामातले जाणकार म्हणतात. घडीच्या खुणा पुसायचा हट्टही नको. पोस्टरे घडी घालूनच गावोगावी जात. ती खूण म्हणजे त्यांचा प्रवास आहे.

चौथा नियम: हात लावण्याआधी आणि नंतर फोटो काढावा, आणि काय काय केले ते कागदावर लिहून ठेवावे.

कोणी विचारील, जुने नव्यासारखे दिसले तर बिघडले काय? नवे हवे असेल तर नवे छापावे, त्यात पाप नाही. पण जुन्याची किंमत ते त्या काळातून आले आहे यातच आहे. ते पुसले की हाती नुसता रंगीत कागद उरतो.

आपल्या झाडीपट्टीत नाटकांची परंपरा मोठी. कोणाच्या पेटीत जुन्या नाटकाची जाहिरात असेल, कोणाकडे लग्नपत्रिका, सासऱ्यांचा फोटो, मंडळाची पहिली वही. त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. ऊन, ओल आणि कसर यांपासून दूर, स्वच्छ कोऱ्या कागदात सपाट ठेवा. काय करावे हे कळत नसेल तर काहीच करू नका. कागद वाट पाहील. मंडळाने येत्या वर्षी अशा वस्तूंची एक यादी करावी, एवढी माझी सूचना आहे. वस्तू ज्याच्या त्याच्या घरी राहोत, यादी मंडळाकडे राहील.