खापरपणतीला कोणी सांगितलं?



आज ज्या प्राण्याबद्दल बोलणार आहे तो जेमतेम एक मिलिमीटर लांब. सी. एलेगन्स नावाचा हा सूत्रकृमी कुजक्या फळापानांत राहतो, जिवाणू खातो. चेतापेशी मोजून ३०२! तीन-साडेतीन दिवसांत नवी पिढी. म्हणजे आपल्या एका गणेशोत्सवात त्याच्या तीन पिढ्या.

आता त्याचा शत्रू, स्यूडोमोनास एरुजिनोसा. इस्पितळात भाजलेल्या रुग्णांच्या जखमा चिघळवतो तोच हा जिवाणू. गंमत म्हणजे कृमीला आधी तो आवडतो. आवडीने खातो, आजारी पडतो, आणि मग टाळायला शिकतो. इथवर ठीक. आपणही बाधलेला पदार्थ पुन्हा खात नाही.

पण २०१९ साली प्रिन्स्टनच्या कोलीन मर्फी यांच्या गटाने सांगितलं, की अशा आईची मुलगी हा जिवाणू कधीही न चाखता टाळते. नात टाळते, पणती (दिव्याची नव्हे!) टाळते, खापरपणतीसुद्धा टाळते. पाचव्या पिढीला मात्र विसर पडतो.

हे कसं होतं? २०२० साली याच गटाने उत्तर दिलं. जिवाणूमध्ये पी-११ नावाचा आरएनएचा छोटा तुकडा असतो. जिवाणूबरोबर तोही पोटात जातो. त्यातली १६ अक्षरं कृमीच्या माको-१ या जनुकाशी जुळतात आणि ते जनुक दबतं. डीएनए तसाच राहतो, पण निरोप बीजपेशींतून पुढे जातो. शत्रूनेच आणून दिलेला निरोप, बरं का!

मग विसरायचं कशाला? याच जिवाणूचे कितीतरी भाऊबंद कृमीचं रोजचं जेवण आहेत. कायमचा धसका घेतला तर उपासमारच.

आता वाद. हार्वर्डच्या क्रेग हंटर यांच्या प्रयोगशाळेने हेच प्रयोग करून पाहिले आणि २०२५ साली जाहीर केलं, की मुलगी टाळते, पण नातीत तो परिणाम खात्रीने दिसत नाही. त्याच वर्षी इलिनॉय स्टेट विद्यापीठातल्या गटाला मात्र तो नातीपर्यंत दिसला. मर्फी गटाचं म्हणणं, हंटर यांची चाचणीची पद्धत वेगळी होती: कृमी पहिल्यांदा जिकडे जातो तिथेच त्याला औषधाने थोपवलं नाही, तर तो थोड्याच वेळात शिकून मत बदलतो.

मुद्दा बारीकसा वाटेल, पण आईला संसर्ग झाला तेव्हा मुलगी तिच्याच पोटात अंडं असते. तिला तो थेट बाधला असेल! म्हणून खरी कसोटी नातीपासून पुढे. मुलीबद्दल मी निःशंक आहे. खापरपणतीवर पैज लावायला मात्र मी अजून तयार नाही.