फ्यूज उडाला, पण बिघाड कोठे?



कामगार संघटनेच्या माणसाने जुन्या दूरदर्शन संचावर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु 1982 सालच्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून जी माणसे रस्त्यावर आली, त्यांतल्या आमच्या ओळखीच्या एका वायरमनने संच-दुरुस्तीचे बाक मांडले होते. शाळा लवकर सुटलेल्या आम्हांला विजेची बाराखडी त्या बाकापाशीच मिळाली.

मुंबईचे केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. त्या सुमाराच्या पुष्कळ संचांत व्हॉल्व्ह असत. शटर लावलेले ते लाकडी कपाट आता कोणाच्या माळ्यावरून खाली येते, आणि घरातला हौशी तरुण धूळ झटकून सरळ पिन लावून मोकळा होतो. एवढे करू नका, हेच प्रथम सांगावयाचे आहे.

याची कारणे दोन. व्हॉल्व्हच्या पुष्कळ संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो. पैसा वाचविण्यासाठी विजेची एक तार थेट लोखंडी चासीला जोडलेली असते. दोन पायांची पिन उलटी बसली की सगळी चासी फेजवर! म्हणून तर बटणांचे स्क्रू खोल बसवून वर मेण भरीत. ते बटण हरवले आणि नुसता दांडा राहिला, तर लहान मुलाचा हात कोठे लागेल ते सांगावयास नको. चासीला टेस्टर लावून पाहावाच; पण दुरुस्ती करावयाची तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवा. तो नसेल तर झाकण उघडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पिन काढल्यावरही कंडेन्सरांत वीज साठून राहते, ती रेझिस्टरमधून उतरवावी. पेचकस टेकवून ठिणगी पाडण्यात कसली मर्दुमकी?

दुसरे कारण हे कंडेन्सरच. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरच्या आत ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्याने तो थर कमजोर होतो. एकदम पूर्ण दाब दिला की कंडेन्सर गळतो, तापतो, प्रसंगी फुटतो. म्हणून संचाला सिरीज बोर्डावर घ्यावे, 200 वॅटच्या दिव्यातून. सुरुवातीला दिवा उजळतो, फिलामेंटे तापली की मंदावतो. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे; लगेच बंद करावे.

आता रोगलक्षणे पाहू. एकही व्हॉल्व्ह पेटत नाही, हे पहिले. या संचांत सगळ्या व्हॉल्व्हची फिलामेंटे गणपतीच्या माळेतल्या दिव्यांसारखी एका ओळीत जोडलेली असतात आणि सर्वांतून 0.3 अँपिअर प्रवाह जातो. नावाच्या आरंभी ‘पी’ असलेले व्हॉल्व्ह याच जातीचे. समजा, सगळ्यांचे मिळून 170 व्होल्ट झाले, तर 230 मधले उरलेले 60 व्होल्ट ड्रॉपर रेझिस्टरने खावयाचे. म्हणजे 200 ओहम, आणि 18 वॅट उष्णता. एवढे तापणारे अंग कधी तरी तुटणारच. पिन काढून मीटरने ड्रॉपर आणि एकेक फिलामेंट तपासावे. एक तुटले की सगळे काळोखात जातात. आम्हांला संपाचे शास्त्र तेथेच अर्धे कळले, असे आमचे मित्र थट्टेने म्हणतात.

व्हॉल्व्ह पेटतात पण चित्र नाही, आवाज नाही. तेव्हा रेक्टिफायरकडे वळावे. पीवाय 82 हा व्हॉल्व्ह थकला की हाय टेन्शनचा दाब उतरतो आणि चित्र चारही बाजूंनी आक्रसते. त्याच्या जागी पुष्कळांनी सिलिकॉन डायोड बसविले. पण त्या व्हॉल्व्हचे फिलामेंट 19 व्होल्ट खात होते. त्याबद्दल सुमारे 63 ओहमचा रेझिस्टर ओळीत घातला नाही, तर बाकीच्यांवर जादा भार पडतो. हे अर्धवट काम आम्ही अनेक संचांत पाहिले आहे.

चित्रावर आडवे काळे पट्टे येतात, आवाजात घुमघुम येते. येथे मात्र थांबून विचार करावा लागतो. आपली वीज 50 सायकलची आणि चित्राची उभी फेरीही सेकंदाला 50. अर्ध-लहर रेक्टिफायरचा फिल्टर कंडेन्सर सुकला तर एक पट्टा दिसेल. पूर्ण-लहर असेल तर दोन. मग पूर्ण-लहर संचात एकच पट्टा दिसला तर? तेथे फिल्टर बदलून उपयोग नाही. बहुधा एखाद्या व्हॉल्व्हचे फिलामेंट कॅथोडकडे गळत असते. अर्ध-लहर संचात मात्र दोन्ही रोगांना एकच पट्टा, तेव्हा चांगला कंडेन्सर क्षणभर जोडूनच निवाडा करावा. जोडताना संच बंद असावा, आणि ध्रुव उलटे होऊ नयेत.

राहिला फ्यूज. तो उडाला की आपल्याकडे जाड तांब्याची तार घालण्याची रीत आहे. एका कारखान्यात मोटर जळाली, वायरमनचा हात भाजला, आणि चौकशीत त्यालाच दोषी धरले, कारण जाड तार त्याने घातली होती. आम्ही त्याच्या बाजूने बसलो होतो. आम्ही नोंदवही मागविली. तीत महिन्याभरात सात वेळा ‘फ्यूज बदलला’ एवढीच नोंद. मोटर उघडण्याची त्याने केलेली मागणी मात्र वरच्या टेबलावर पडून होती. जाड तार घालणे चूकच, ते आम्ही तेथेही मान्य केले. परंतु आधीचे सात फ्यूज काय सांगत होते, हे विचारल्यावर चौकशीचा रोख बदलला आणि त्याची नोकरी राहिली.

संचातही तसेच असते. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला की तिसरा घालू नये. डायोडचे एक टोक सोडवून दोन्ही दिशांनी मीटर लावावा. दोन्हीकडे वीज जात असेल तर तो गेला. डायोड चांगला निघाला तर पहिला मोठा कंडेन्सर सोडवून पाहावा. तोही निर्दोष असेल तर पुढच्या फांद्या एकेक करून सुट्या कराव्या, आणि प्रत्येक वेळी सिरीजच्या दिव्याकडे पाहावे. ज्या फांदीपाशी दिवा मंदावेल, तेथे बिघाड. वेळ लागतो, आमच्या त्या वायरमनला कधी दोन दिवस लागत, आणि गिऱ्हाईक कुरकुर करीत उभे असे. तो म्हणे, “बसा, चहा घ्या.”