मोठ्या कातकामासाठी लेथयंत्राची निवड
(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



लाकूड कातण्याची विद्या आपल्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पलंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब, लाटणी ही आपल्या हातची कामे होत. आता आपले काही तरुण जिन्याचे लांब खांब आणि दोन फूट व्यासाची तबके कातण्यासाठी मोठे लेथयंत्र घेऊ इच्छितात. त्यासाठी बहुधा कर्ज काढावे लागते. म्हणून हा केवळ कारागिराचा नव्हे, सबंध कुटुंबाचा विचार आहे.

प्रथम, मोठे काम म्हणजे कोणते, हे ठरवावे. खांबासाठी दोन केंद्रांमधील अंतर पाहावे लागते; तबकासाठी बेडपासून केंद्राची उंची. ही उंची १२ इंच असेल, तर फार तर २४ इंच व्यासाचे लाकूड फिरेल. आणि टूलरेस्टचा पाया जेथे खाली येतो, तेथे त्याहूनही कमी.

परंतु केवळ इंच पाहून यंत्र घेणे हिताचे नाही. वाळलेल्या सागाची ६०० मिलिमीटर व्यासाची, १५० मिलिमीटर जाडीची चकती सुमारे २७ किलो भरते. ओले लाकूड त्याहून जड. ओबडधोबड चकतीचा भार एका बाजूस झुकलेला असतो. पत्र्याच्या हलक्या सांगाड्यावर ती फिरू लागली, की यंत्रच थरथरू लागते. यास्तव बेड बिडाचा व जड असावा, दांडा जाड असावा, त्याचे बेअरिंग भक्कम असावे आणि यंत्र काँक्रीटच्या जमिनीत बोल्टांनी घट्ट बसवावे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेगाचा. विक्रेता कमाल वेग अभिमानाने सांगतो. आपण किमान वेग विचारावा. हीच चकती मिनिटास १,००० फेरे फिरली, तर तिची कड ताशी सुमारे ११३ किलोमीटर वेगाने धावते. अशा वेळी लाकूड निसटले, तर काय अनर्थ होईल, हे सांगावयास नको. इंचांतील व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० असावा, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. २४ इंचांस तो २५० ते ३७५ फेरे येतो. चकती समतोल होईपर्यंत त्याहूनही कमी वेग ठेवावा. म्हणून १०० फेऱ्यांपर्यंत उतरणारे यंत्र पसंत करावे.

विद्युत्‌-नियंत्रकाने वेग हवा तसा बदलता येतो, आणि योग्य नियंत्रक असल्यास घरच्या सिंगल फेज विजेवर थ्री फेज मोटरही चालते. मात्र वेग उतरला, की मोटरची शक्तीही उतरते. म्हणून नियंत्रकाबरोबर पट्ट्याच्या दोन-तीन पुल्या असाव्यात, आणि मोटर किमान दोन अश्वशक्तीची असावी.

सगळी रक्कम यंत्रातच घालू नये. उत्तम पटाशा, मजबूत चक आणि चेहऱ्याची ढाल यांसाठी वेगळे पैसे राखावे. काम करताना हातमोजे, सैल बाह्या अथवा उपरणे अंगावर नसावे. ऐपत बेताची असल्यास, नव्या हलक्या यंत्रापेक्षा जुने पण बिडाचे यंत्र, जाणत्या माणसाकडून बेअरिंग तपासून, घेणे श्रेयस्कर. दोन-तीन बिऱ्हाडांनी मिळून एक चांगले यंत्र घेतले, तर कर्जाचा भारही वाटला जाईल.

यंत्र स्वस्त मिळेल. गेलेला डोळा अथवा बोट मिळणार नाही. तरुणांनी हे ध्यानी ठेवावे आणि वडीलधाऱ्यांनी खरेदीपूर्वी त्यांना हे प्रश्न अवश्य विचारावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.