मृगाचा पाऊस आणि वर्गांतील मूल

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं नरसी हें गांव आहे. संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून त्यास नरसी नामदेव म्हणतात. आषाढींत पंढरपुरास गेलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला येथें परतवारीसाठीं येतात आणि गांव माणसांनीं फुलून जातें. शाळा उघडते जूनच्या मध्यास. पेरण्यांची घाई त्याच सुमारास. आणि महिना-दीड महिना लोटतो न लोटतो तोंच ही यात्रा. शाळेचे पहिले आठवडे असे शेत, पाऊस आणि दिंडी यांच्या ओढीनें भरलेले असतात.

मुलांविषयींच्या तक्रारींना याच दिवसांत ऊत येतो. मूल जागेवर बसत नाहीं, खिडकीबाहेर पाहत राहतें, दोन दोन दिवस दिसत नाहीं, विचारलें तर उत्तर देत नाहीं. वर्गांत तें उनाड ठरतें. आईबाप शाळेंत बोलावले जातात आणि खालीं मान घालून परततात. त्या मुलाच्या डोक्यांत काय चाललें आहे, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. घरीं बियाणें आणून ठेवलें आहे. पाऊस लांबला तर दुबार पेरणी करावी लागेल, तिला पैसा कोठून आणावयाचा, हें बोलणें त्यानें रात्रीं अंथरुणांत पडल्या पडल्या ऐकलेलें आहे. बापाचें चित्त थाऱ्यावर नसतां आठ वर्षांच्या पोराचें कसें राहावें? शहरांतील घरांत शेत नसतें, पण भाड्याची किंवा नोकरीची काळजी असते, आणि तीही भिंतीपलीकडून मुलांस ऐकूं येते.

छडीनें ही काळजी जात नाहीं. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंसही बंदी केली आहे. त्याच कायद्यानें शाळा व्यवस्थापन समिति निर्माण केली. तिचे निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. या दुसऱ्या तरतुदीचा खरा उपयोग फार थोड्या गांवीं होतो. बैठकींत गळक्या पत्र्यांचा विषय निघतो, पोषण आहाराचा निघतो, आणि ते निघालेच पाहिजेत. परंतु समोर बसलेले शेतकरी आईबाप एका विद्येचे जाणकार आहेत, याची आठवण कोणास होत नाहीं.

ती विद्या ऋतूंची. सूर्य वर्षभरांत २७ नक्षत्रांतून जातो, म्हणून एकेका नक्षत्राच्या वाट्यास सुमारें साडेतेरा दिवस येतात. जूनच्या ७-८ तारखेस मृग लागतो, २२ च्या सुमारास आर्द्रा, मग पुनर्वसू आणि पुष्य. पुनर्वसूच्या पावसाला खेड्यांत तरणा म्हणतात, पुष्याच्या पावसाला म्हातारा. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडतो; बहावा फुलला कीं पाऊस दीडएक महिन्यावर आला; टिटवीनें अंडीं उंचवट्यावर घातलीं तर पाणी पुष्कळ. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनीं अशा कित्येक खुणा मराठी वाचकांपुढें आणल्या. त्या साऱ्याच खऱ्या ठरतात असें नाहीं. म्हणून तर त्या वर्गांत यावयास हव्यात. नक्षत्रांच्या तारखासुद्धां स्थिर नसतात. ७२ वर्षांत त्या सुमारें एक दिवस पुढें सरकतात. नामदेवांचा जन्म १२७० चा. आजच्या इंग्रजी तारखांनीं मोजलें तर त्यांच्या काळीं मृग मेच्या अखेरीस लागत असे. सातवींतील मुलांना हें गणित सहज करतां येईल, आणि आजोबांशीं वाद घालण्यास एक चांगला विषयही मिळेल.

मुलाच्या ऋतूला शाळेनें जागा देणें ही कांहीं नवी गोष्ट नाहीं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांत, बोर्डी येथें, ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें आणि पुढें तें कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्यें नेलें. मुलांना गुरें राखावयास जावें लागे. तीं शाळेंत येईनात. त्यांस पळपुटीं म्हणून मोकळें होणें सोपें होतें. या बायांनीं शाळाच गुरांमागून कुरणांत नेली आणि तिला कुरणशाळा असें नांव दिलें.

नरसीला तर घरचाच दाखला आहे. दामाशेटींच्या लहानग्या नामदेवानें विठोबानें नैवेद्य खाल्लाच पाहिजे म्हणून हट्ट धरला, ही कथा कीर्तनांत ऐकतांना माणसें डोळे पुसतात. तिसरींतल्या पोरानें आज पेरणीला जाणारच म्हणून हट्ट धरला कीं मात्र त्यांच्याच कपाळाला आठ्या पडतात. त्यास दिवसभर सोडून देणें बरें नाहीं, हें खरें. वर्ष बुडतें तें अशाच एकेका दिवसानें. पण सकाळीं शेतावर जाऊन, जमीन किती बोटें भिजली तें पाहून शाळेंत येण्याची आणि वर्गाला सांगण्याची मोकळीक त्याला देतां येईल.

याला खर्च फारसा नाहीं. अंगणांत एक पर्जन्यमापक आणि भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता पुरे: एका रकान्यांत घरच्या वडीलधाऱ्यांचा अंदाज, दुसऱ्यांत पडलेल्या पावसाचा आंकडा. परभणीचें कृषि विद्यापीठ ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावांचून पेरणी करूं नये, असा सल्ला देतें. म्हणजे त्या तक्त्यावरील बेरजेची गरज घरींही असते. माप घेण्याचें काम वर्गांतल्या सर्वांत चुळबुळ्या मुलाकडे सोंपवावें. तो रोज वेळेवर येईल, कारण नळींतलें पाणी ठरल्या वेळीं पाहावें लागतें. संध्याकाळीं बाप बैल सोडतां सोडतां विचारील, ‘आज किती झालें रे?’ आणि पोरगा सांगेल, ‘बारा. कालचे धरून एकेचाळीस. अजून थांबा, बाबा.’