गिळण्याचें औषध शिरेंत नको

गिळण्याची गोळी म्हणजे निव्वळ औषध नव्हे. तिला आकार यावा म्हणून तींत पिष्ट, शंखजिरें यांसारखे पदार्थ मिसळलेले असतात. पोटांत ते बाधत नाहींत. जें पचत नाहीं तें मळावाटे निघून जातें. रक्ताच्या वाटेवर असा निकास नाहीं. गोळी कुटून, पाण्यांत कालवून शिरेंत टोंचली, कीं न विरघळलेले कण हृदयांतून थेट फुप्फुसांत जातात. तेथील केशवाहिन्यांत ते अडकतात, त्यांच्याभोंवतीं गांठी धरतात, आणि पुढें माणसाला धाप लागूं लागते. कापसांतून गाळल्यानें सारे कण थांबत नाहींत. जंतु तर मुळींच नाहींत. ते हृदयाच्या झडपा नासवितात.

या बाबतींत ब्रिटनमधील हकीकत बोधप्रद आहे. टेमाझेपाम हें झोंपेचें औषध व्यसनी लोक टोंचून घेत. त्यास आळा बसावा म्हणून १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तें घट्ट जेलच्या रूपानें कॅपसुलांत भरण्यांत आलें. लोकांनीं जेल ऊन करून पातळ केलें व टोंचलें. शरीरांत तें पुन्हां थिजलें; कित्येकांचे अवयव कापावे लागले. अखेर १९९६ मध्यें तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेनें त्या कॅपसुला देणें बंद केलें.

घरांतील कोणाच्या हातून असें घडलेंच, तर त्याला रागें भरण्यांत वेळ दवडूं नये. ताप, धाप किंवा बोट काळेंनिळें पडलेलें दिसतांच त्याला तत्काळ इस्पितळांत न्यावें, आणि काय टोंचलें तें डॉक्टरांस खरें सांगावें. लाजेपायीं लपविलेली गोष्ट जिवावर बेतते.