मोजायचं काय?



संयोजकांनी सांगितलं, "आयुष्यात काय शिकलीस ते पाच मिनिटांत बोल." मी प्रोग्राम लिहिणारी बाई, भाषणाची सवय नाही. म्हणून एका फसलेल्या कामाबद्दलच सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमने आशाताईंसाठी मोबाइल अ‍ॅप तयार केलं. नवजात बाळाची माहिती भरायला चाळीसएक रकाने होते. आम्हाला त्याचा केवढा अभिमान! चाचणीला आलेल्या एका ताईंनी पाच मिनिटांत फोन माझ्या हातात परत दिला. म्हणाल्या, "मॅडम, हे भरत बसले तर बाळाकडे बघू कधी?"

त्यानंतर मी गडचिरोलीतल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं संशोधन वाचायला घेतलं. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे श्वास मोजून कळतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असतील, तर धोका. पण गावातल्या दायांना इतकं मोजता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. ना बॅटरी, ना पासवर्ड!

पुढे गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली. तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे.

हे वाचताना मला आमचं घर आठवलं. माझ्या पाठचा भाऊ बाविसाव्या दिवशी गेला. मी तेव्हा चौथीत होते. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, मी आठवडाभर शाळेत नव्हते. आई अजून सांगते, रात्रभर त्याचं पोट उडत होतं, दूध ओढत नव्हता. घरात शिकलेली माणसं होती. मोजता सगळ्यांना येत होतं. काय मोजायचं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता एक विनंती. मेळाव्याच्या वर्गणीतून पैसे उरणार आहेत आणि प्रवेशद्वाराला कमान बांधायची सूचना आली आहे. कमान पुढच्या वर्षी बांधू. यंदा आपल्या पंचक्रोशीतल्या आशाताईंना शाळेत बोलावू आणि तुमचा वजनकाटा, थर्मामीटर चालू आहे का, काय कमी पडतंय, ते विचारू. काय द्यायचं ते आपण आधीच ठरवायचं नाही. ती चूक मी करून बसले आहे. आणि त्याच दिवशी नववी-दहावीच्या मुलामुलींना त्या चार गोष्टी शिकवतील: बाळ दूध पीत नाही, अंग गार किंवा तापलेलं लागतं, मलूल पडलंय, श्वास भराभर चालतोय, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

बाई, पाढे तुम्ही पाठ करून घेतलेत. त्यांचा हाही उपयोग असतो, हे कळायला मला फार वर्षं लागली.